पेरूचा पाला, डाळिंबाची साल आणि आतड्यांची हालचाल

गेल्या पावसाळ्यांत टेंभुर्णीकडील एका सभासद बंधूंचें आम्हांस पत्र आलें. त्यांच्या घरच्या खिलार गाईचें बारा दिवसांचें वासरूं हगवणीनें आजारी पडलें. घरच्या वडील मंडळींनीं डाळिंबाची वाळलेली साल व पेरूचा पाला उकळून दाट काढा केला व तो दिवसांतून तीन वेळां पाजला. पाण्यानें हगवण वाढते या समजुतीनें पाणी दिलें नाहीं आणि दूधही तोडलें. सायंकाळपर्यंत हगवण थांबली; घरांत सर्वांस हायसें वाटलें. रात्रीं वासरूं निपचित पडलें, पोट फुगलेलें दिसूं लागलें, आणि पहाटे तें मेलें. सभासद विचारतात, ‘औषध तर लागू पडलें होतें, मग वासरूं कां गेलें?’

हा प्रश्न एका वासरापुरता नाहीं. आमच्या जिल्ह्यांत ज्याची डाळिंबाची बाग आहे किंवा ज्याच्या परसांत पेरूचें झाड आहे, त्या प्रत्येक घरीं हा काढा माहीत आहे. आम्हीही लहानपणीं पोट बिघडलें म्हणजे नाक दाबून तो प्यालों आहोंत. जो काढा वासराला पाजला, तोच घरांतल्या लेंकरालाही पाजतात. तेव्हां हा काढा आतड्यांत जाऊन काय करितो आणि काय करीत नाहीं, हें प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक असणें अगत्याचें आहे. या विषयावर गेल्या शंभर-सव्वाशें वर्षांत प्रयोगशाळांतून पुष्कळ काम झालें आहे, व त्यांतील कांहीं आपल्या महाराष्ट्रांतच झालें आहे. त्याचें सार येथें देतों.

तुरट रस म्हणजे काय?

टेंभुर्णी हें जसें गांवाचें नांव आहे तसेंच तें एका झाडाचेंही आहे. ज्याच्या पानांच्या विड्या वळतात, तेंच हें झाड. त्याचें पिकलें फळ गोड असतें; परंतु कच्चें फळ ज्यानें एकदां चावलें तो तें जन्मभर विसरत नाहीं. जीभ आखडते, गाल आंतून ओढल्यासारखे होतात, तोंडाला कोरड पडते. यालाच आपण तुरटपणा म्हणतों. कच्च्या फळांतील द्रव्य लाळेंतील प्रथिनांस जाऊन चिकटतें, त्यांचा साका बनतो, आणि लाळेचा बुळबुळीतपणा गेल्यामुळें तोंड खरखरीत लागतें.

अशा द्रव्यांस रसायनशास्त्रांत पॉलिफेनॉल असें नांव आहे. हा एक पदार्थ नसून हजारों पदार्थांचें मोठें कुळ आहे. आपल्या कामापुरत्या त्याच्या दोन शाखा लक्षांत ठेवल्या म्हणजे पुरे. पहिली शाखा मोठ्या रेणूंच्या टॅनिन द्रव्यांची. बाभळीची साल व शेंगा, तरवडाची साल, हिरडा, डाळिंबाची साल, कच्चें बेलफळ यांत तीं विपुल असतात. कातडें कमावण्यास बाभळीची व तरवडाची साल वापरतात ती याच द्रव्यांसाठीं. कातड्यांतील प्रथिनांस तीं घट्ट धरून ठेवितात व मग कातडें कुजत नाहीं. दुसरी शाखा लहान रेणूंच्या द्रव्यांची. त्यांपैकीं क्वेर्सेटिन नांवाचें एक द्रव्य लाल कांद्याच्या बाहेरील पापुद्र्यांत व पेरूच्या पाल्यांत असतें. ही दुसरी शाखा पहिलीइतकी जिभेस जाणवत नाहीं. परंतु आतड्यांच्या स्नायूंवर तिचा प्रभाव मोठा आहे.

झाडें हीं द्रव्यें आपल्यासाठीं तयार करीत नाहींत. कीड, बुरशी व चरणारीं जनावरें यांपासून पान व कच्चें फळ राखावें, हा त्यांचा उपयोग. म्हणूनच कोवळें फळ तुरट व पिकलेलें गोड असतें.

ज्यांस पडताळा पाहावयाचा असेल त्यांनीं डाळिंबाची साल पाण्यांत उकळून गाळून घ्यावी. अंड्यांतील पांढरा बलक थोड्या पाण्यांत घोळून त्यांत या काढ्याचे कांहीं थेंब टाकावे. पाणी तत्काळ गढूळ होऊन साका खालीं बसूं लागतो. दुसऱ्या पेल्यांतील काढ्यांत हिराकसाचा खडा टाकावा. काढा काळा पडतो. पूर्वी शाई याच रीतीनें करीत. हीं दोन्ही लक्षणें टॅनिनचीं होत.

आतडें कसें चालतें?

आतड्याच्या भिंतींत स्नायूंचे दोन थर असतात. आंतला थर कड्यासारखा गोल फिरलेला, व बाहेरचा लांबीच्या दिशेनें पसरलेला. या दोहोंच्या आखडण्यानें व सैल होण्यानें दोन कामें होतात. एक घुसळण्याचें, म्हणजे अन्न पाचक रसांत कालवण्याचें. आणि दुसरें पुढें ढकलण्याचें. माणसाच्या लहान आतड्यांत ही लय वरच्या टोकाला मिनिटाला सुमारें १२ व खालच्या टोकाला सुमारें ८ इतकी असते. आपण झोंपलों तरी ती थांबत नाहीं.

ही लय कशी उठते? आतड्याच्या भिंतींतच कांहीं विशेष पेशी ताल धरून असतात. आणि मज्जातंतूंच्या टोकांतून ॲसेटिलकोलिन नांवाचें द्रव्य सुटलें म्हणजे आखडण्याचा जोर वाढतो. परंतु स्नायु प्रत्यक्ष आखडतो तो कॅल्शियममुळें. चुन्यांत जो धातु आहे तोच हा. येथें आमच्या वाचकांस घरचाच दाखला देतां येईल. टेंभुर्णीपासून जवळच भीमेवर उजनीचें धरण आहे; तें सन १९८० सालीं पुरें झालें. कालवा कितीही भरून वाहत असला तरी चारीचें दार उघडल्यावांचून वाफ्यांत पाण्याचा थेंब येत नाहीं, हें आम्ही सांगावयास नको. स्नायूच्या पेशीचें असेंच आहे. पेशीच्या बाहेर कॅल्शियम विपुल असतें व आंत त्याच्या सुमारें दहा हजारांश. पेशीच्या आवरणांत बारीक दारें असतात. तीं उघडलीं कीं कॅल्शियम आंत शिरतें व स्नायु आखडतो. दारें मिटलीं व आंतलें कॅल्शियम बाहेर उपसलें गेलें कीं स्नायु सैल पडतो.

काढ्याचा स्नायूंवर परिणाम

सन १९०४ सालीं रुडॉल्फ माग्नुस या जर्मन शास्त्रज्ञानें एक युक्ति काढली. नुकत्याच मारलेल्या जनावराच्या लहान आतड्याचा तुकडा, शरीराइतक्या उष्ण अशा क्षारयुक्त पाण्यांत टांगून त्यांत प्राणवायु सोडीत राहिल्यास, तो तुकडा कित्येक तास जिवंत राहून आपल्या लयीनें आखडत राहतो. त्यास एक हलकी काडी बांधली म्हणजे काजळी धरलेल्या फिरत्या कागदावर तिची रेघ उमटते. पाण्यांत एखादें औषध टाकलें कीं रेघ उंचावते किंवा सपाट होते, व औषधाचा गुण डोळ्यांनीं दिसतो. आज काडी व काजळी जाऊन विजेचीं यंत्रें आलीं आहेत, परंतु युक्ति तीच आहे.

पेरूचें झाड मूळचें अमेरिका खंडांतलें, व तिकडेही त्याचा पाला हगवणीवर पूर्वापार चालत आला आहे. मेक्सिको देशांतील झावियेर लोझोया व त्यांचे सहकारी यांनीं या पाल्यांतील द्रव्यें वेगळीं करून गिनीपिग नांवाच्या लहान प्राण्याच्या आतड्यावर तपासलीं. सन १९९४ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामांत असें दिसलें कीं, आतड्याचें आखडणें कमी करण्याचा गुण क्वेर्सेटिन व त्याच्या साखरयुक्त रूपांत आहे, आणि तो गुण कॅल्शियमची वाट अडवल्यामुळें येतो. म्हणजे आमच्या दाखल्याप्रमाणें, चारीचें दार मिटलें जातें. पुढें सन २००२ सालीं त्याच पाल्यापासून केलेलें, क्वेर्सेटिनचें प्रमाण ठरवलेलें औषध त्यांनीं हगवणीच्या मोठ्या माणसांस देऊन पाहिलें; त्यांच्या पोटांतील कळा लवकर थांबल्या.

डाळिंबाच्या सालीविषयीं जॉर्डन देशांतील संशोधकांनीं सन २००७ सालीं उंदरांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. सालीच्या पाण्यांतील अर्कानें आतड्याच्या तुकड्याची आपोआप होणारी हालचाल मंदावली, ॲसेटिलकोलिननें येणारें आखडणें कमी झालें, जिवंत उंदराच्या आतड्यांतून अन्न पुढें सरकण्याचा वेग घटला, आणि एरंडेल पाजून आणलेली हगवण कमी झाली. मात्रा वाढवली तसा हा परिणाम वाढत गेला.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. आमच्या आजीबाई जो काढा देत आल्या तो निव्वळ समजुतीचा खेळ नव्हे. तो खरोखर आतडें शांत करितो, कळ मोडतो व शौचाच्या खेपा कमी करितो.

सर्व तुरट द्रव्यें एकसारखीं नाहींत

तरीपण ‘तुरट तें सर्व बांधणारें’ असा सरसकट नियम करतां येत नाहीं. हिरडा घ्या. त्यांत टॅनिन भरपूर आहे, तरी आपल्याकडे तो पोट साफ होण्यासाठींच घेतात. मुंबईच्या सेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयांतील संशोधकांनीं सन १९९७ सालीं उंदरांवरील प्रयोगांत दाखवलें कीं, हिरडा दिल्यानें जठर अधिक लवकर रिकामें होतें. एकाच झाडांत अनेक द्रव्यें असतात. कोणतें प्रबळ ठरेल तें झाडावर, मात्रेवर व तयार करण्याच्या रीतीवर अवलंबून असतें.

उलट पक्षीं, काढ्याचा सर्व गुण स्नायु सैल करण्यांतच आहे असेंही नाहीं. मुंबईच्या फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च या संस्थेनें पुणें जिल्ह्यांतील परिंचे खोऱ्यांतील औषधी वनस्पतींचा या दृष्टीनें अभ्यास केला आहे. कच्च्या बेलफळाच्या काढ्यावरील त्यांचें काम सन २००९ सालीं प्रसिद्ध झालें. या काढ्यानें, तपासलेल्या सहा प्रकारच्या जंतूंपैकीं एकही मेला नाहीं. परंतु ते आतड्याच्या पेशींस चिकटण्याचें व आंत शिरण्याचें प्रमाण कमी झालें, आणि पटकीच्या विषाचा जोरही उतरला. सन २०१० सालीं त्याच संस्थेनें पेरूच्या पाल्याचें काम प्रसिद्ध केलें. पाल्याच्या पूर्ण काढ्यानें कांहीं जंतु मेले व विषांचा परिणाम घटला. पण नुसतें क्वेर्सेटिन घेऊन पाहिलें तेव्हां त्यानें जंतु मेले नाहींत व विषावरही परिणाम झाला नाहीं. म्हणजे पाल्यांत स्नायु शांत करणारें द्रव्य एक आहे, व जंतूंशीं झगडणारीं द्रव्यें आणखी आहेत.

तिसरा मार्ग पाण्याच्या स्रावाचा. दक्षिण अमेरिकेंतील एका झाडाच्या लाल चिकापासून काढलेलें क्रोफेलेमर नांवाचें टॅनिनच्या जातीचें औषध अमेरिकेच्या सरकारी खात्यानें सन २०१२ च्या अखेरीस एका विशिष्ट प्रकारच्या हगवणीसाठीं मान्य केलें. तें स्नायूंस हात लावीत नाहीं. आतड्याच्या अस्तरांतून क्षार व पाणी बाहेर पाझरतें, तो पाझर कमी करितें. तेव्हां हगवण थांबवण्याचे मार्ग अनेक आहेत, आणि त्यांतला कोणता मार्ग चालू आहे हें बाहेरून शेण पाहून कळत नाहीं.

हेंही ध्यानांत ठेवावें कीं, प्रयोगशाळेंतील आतड्याचा तुकडा ज्या तीव्रतेच्या औषधांत बुडवलेला असतो ती तीव्रता पोटांत राहीलच असें नाहीं. डाळिंबाच्या सालींतील टॅनिन आतड्यांतील जंतूंच्या क्रियेनें फुटून त्याचीं निराळींच द्रव्यें होतात. प्रत्येक बागेची साल, प्रत्येक झाडाचा पाला व प्रत्येक घरचा काढा कमीअधिक तीव्र असतो. औषधाच्या गोळीसारखें माप त्यास नाहीं.

मग वासरूं कां गेलें?

आतां सभासद बंधूंच्या प्रश्नाकडे वळूं. लहान वासरांची हगवण बहुधा जंतूंमुळें होते. हे जंतु किंवा त्यांचीं विषें आतड्याच्या अस्तरावर हल्ला करितात. त्यामुळें शरीरांतील पाणी व क्षार आतड्याच्या पोकळींत सुटूं लागतात, व खाल्लेलें शोषलें जात नाहीं. खरी हानि येथें होते. आतड्याच्या स्नायूंची घाई हा तिचा एक परिणाम आहे. आणि त्या घाईचा थोडा उपयोगही आहे, कारण तिच्यामुळें जंतु व विष बाहेर टाकलें जातें.

दाट काढ्यानें स्नायु मंदावले, म्हणून शेण पडणें थांबलें. परंतु अस्तरांतील पाझर तसाच चालू राहिला असेल तर तें पाणी आतड्यांतच सांचत गेलें. पोट फुगलेलें दिसलें तें यामुळेंच. विहिरीचें पाणी पाझरून शेजारच्या खड्ड्यांत सांचलें तर विहीर भरलेली आहे असें कोणी म्हणत नाहीं. त्याचप्रमाणें आतड्याच्या पोकळींत सांचलेलें पाणी अंगाच्या उपयोगीं पडत नाहीं. बाहेरून हानि दिसेनाशी झाली, आंतून ती चालूच राहिली. त्यांत वरून पाणी बंद व दूध बंद. रक्त आटलें, त्यांतील आम्लता वाढली, अंग थंड पडलें व हृदय थकलें. हगवणीनें दगावणारीं बहुतेक वासरें अशींच दगावतात.

याचा पुरावा माणसांतही आहे, व तो मोठा आहे. सन १९७१ सालीं बांगलादेशाच्या युद्धाच्या वेळीं बंगालमधील बनगांव येथें निर्वासितांच्या छावणींत पटकीची सांथ आली. शिरेंतून द्यावयाचें सलाईन अपुरें पडलें. तेव्हां डॉ. दिलीप महालनबीस यांनीं मीठ, सोडा व ग्लुकोज यांच्या पुड्या बांधून तें पाणी रोग्यांस त्यांच्याच नातलगांकरवीं पाजण्यास आरंभ केला. छावणींत पूर्वी शंभरांतील सुमारें तीस रोगी मरत; हें पाणी मिळालेल्यांत तें प्रमाण चारांच्याही खालीं आलें. या पाण्यानें शौचाच्या खेपा थांबत नव्हत्या. तरी माणसें जगलीं, कारण गेलेलें पाणी व क्षार परत मिळाले. सभासदांच्या वासराची हगवण थांबली व तें मेलें. बनगांवच्या रोग्यांची हगवण थांबली नाहीं व ते वांचले. या दोन गोष्टी शेजारीं शेजारीं ठेवून पाहिल्या म्हणजे आमचें सर्व म्हणणें त्यांत आलें.

वासरास हगवण लागल्यास

(१) पाणी कधींही तोडूं नये. पशुवैद्याकडून वासरांसाठीं असलेली क्षार व ग्लुकोजची पुडी आणून ठेवावी. ती हाताशीं नसल्यास माणसांच्या ओ. आर. एस. ची पुडी १ लिटर स्वच्छ पाण्यांत विरघळवून द्यावी. वासराच्या आकाराप्रमाणें एका वेळीं १ ते २ लिटर, दिवसांतून दोन-तीन वेळां, दुधाच्या वेळा सोडून मध्यंतरीं पाजावें. हें पाणी दुधांत मिसळूं नये.

(२) आमच्या ऊंसाच्या मुलखांत साखर-मिठाचें पाणी पाजण्याचा मोह होतो. माणसाच्या मुलास तें चालतें, वासरास नाहीं. ऊंसाची साखर फोडणारें पाचकद्रव्य वासराच्या आतड्यांत नसतें. ती साखर न पचतां हगवण वाढविते. वासरासाठीं ग्लुकोजच पाहिजे.

(३) दूध बंद करूं नये. थोडें थोडें, अधिक वेळां द्यावें. उपाशी वासरास रोगाशीं झगडण्याचें बळ राहत नाहीं.

(४) मानेवरील कातडीचा चिमटा घेऊन सोडावा. ती दोन सेकंदांत पूर्ववत् न झाल्यास, डोळे खोल गेले असल्यास, तोंड आंतून थंड लागल्यास किंवा वासरूं उठत नसल्यास, शेण पडत असो वा नसो, पशुवैद्यास तत्काळ बोलवावें. अशा वासरास शिरेंतून सलाईन लागतें. पडून राहिलेल्या वासराच्या तोंडांत बळेंच पाणी ओतूं नये. तें फुफ्फुसांत जातें.

(५) हगवण थांबली म्हणजे पाणी पाजणें थांबवावें असें नाहीं. वासरूं उभें राहून स्वतः दूध ओढूं लागेपर्यंत तें चालू ठेवावें.

(६) तुरट काढा द्यावयाचाच असल्यास पाण्याची व्यवस्था झाल्यावर, पातळ करून, पशुवैद्याच्या सल्ल्यानें द्यावा. ताप, शेणांत रक्त किंवा पोटफुगी असतां तो मुळींच देऊं नये.

(७) यापेक्षां मोलाची गोष्ट म्हणजे चीक. वासराच्या वजनाच्या दहाव्या भागाइतका चीक, म्हणजे २० किलोच्या वासरास २ लिटर, पहिल्या दिवसांत पोटांत जावा, व त्यांतला निम्मा जन्मानंतर दोन तासांच्या आंत. जंतूंशीं लढण्याची शक्ति वासरास चिकांतूनच मिळते, आणि ती शोषून घेण्याची आतड्याची ताकद तासातासानें कमी होत जाते.

आजारी वासरूं वेगळें बांधावें व त्यास हात लावल्यावर साबणानें हात धुवावे. वासरांच्या हगवणीचे कांहीं जंतु घरांतल्या मुलांसही बाधतात.

घरांतील मुलास हगवण लागल्यास

नियम तोच: प्रथम पाणी व क्षार. ओ. आर. एस. ची पुडी १ लिटर पाण्यांत विरघळवून, दोन वर्षांखालील मुलास प्रत्येक शौचानंतर ५० ते १०० मिलिलिटर, व त्याहून मोठ्या मुलास १०० ते २०० मिलिलिटर, चमच्या-चमच्यानें द्यावें. पुडी नसल्यास १ लिटर स्वच्छ पाण्यांत चहाचे ६ सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालावें. मिठाचें माप वाढवूं नये. अंगावरचें दूध व नेहमींचें खाणें चालू ठेवावें. जस्ताच्या गोळ्या डॉक्टर १० ते १४ दिवस देतात; मूल बरें वाटलें तरी त्या पुऱ्या कराव्या.

लहान मुलांस आतडें थांबवणारीं औषधें देऊं नयेत असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे, व त्याचें कारण वरील विवेचनावरून वाचकांस कळलेंच असेल. काढा झाडपाल्याचा आहे म्हणून हें कारण बदलत नाहीं. शौचांत रक्त असणें, मूल सुस्त पडणें, डोळे खोल जाणें, पाणी पितां न येणें यांपैकीं कांहींही दिसल्यास घरीं वाट न पाहतां दवाखान्यांत न्यावें. मोठ्या माणसास साधी हगवण व कळा असतां पाण्याबरोबर पातळ काढा घेण्यास हरकत नाहीं. ताप किंवा रक्त असल्यास त्यानेंही घेऊं नये.

अतिरेकाचा धोका

तुरट द्रव्याच्या अतिरेकाचें उदाहरण टेंभुर्णीच्याच कुळांत सांपडतें. चीन-जपानकडील पर्सिमॉन हें फळ याच कुळांतलें आहे. तें कच्चें पुष्कळ खाल्ल्यास त्यांतील टॅनिनचा जठरांत साका बनून दगडासारखा गोळा होतो, व तो कधीं कधीं आतड्यांत अडकून शस्त्रक्रिया करावी लागते. हिमाचल प्रदेशांत चाऱ्याच्या टंचाईंत बान या झाडाचा पाला जनावरांस फार घातला गेला कीं त्यांना बद्धकोष्ठ होतें व मूत्रपिंडें बिघडतात. बान हें ओक जातीचें झाड. ओकच्याच शास्त्रीय नांवावरून क्वेर्सेटिन हा शब्द पडला आहे.

आमच्याकडे उन्हाळ्यांत बाभळीच्या शेंगा शेळ्या-मेंढ्यांस घालतात. बेतानें घातल्यास त्या चांगल्या आहेत. थोडें टॅनिन चाऱ्यांतील कांहीं प्रथिनें पहिल्या पोटांत फुटूं न देतां पुढें नेऊन पोंचवितें, व पोटांतील जंतांसही आळा घालतें. परंतु दुसरा चारा नाहीं म्हणून शेंगांवरच भागवलें, तर प्रथिनें बांधलीं जाऊन अंगीं लागत नाहींत व पोट मंदावतें. शेळीस जें सोसतें तें गाईबैलांस सोसेल असेंही नाहीं. म्हणून शेंगा कुटून, इतर चाऱ्यांत मिसळून, थोड्या प्रमाणांत घालाव्या व पाणी भरपूर ठेवावें. रवंथ कमी झालें किंवा शेण खड्यासारखें पडूं लागलें कीं त्या बंद कराव्या.

सारांश

पेरूचा पाला व डाळिंबाची साल यांतील पॉलिफेनॉल द्रव्यें आतड्याच्या स्नायूंत कॅल्शियम शिरण्याची वाट अडवून व इतर मार्गांनीं आतड्याची हालचाल मंद करितात. हा गुण खरा आहे व प्रयोगांनीं सिद्ध झाला आहे. परंतु आतडें थांबलें म्हणजे रोग थांबला असें नव्हे. हगवणींत जीव जातो तो अंगांतील पाणी व क्षार गेल्यामुळें, आणि तें परत देण्याचें काम कोणताही काढा करीत नाहीं.

सभासद बंधूंस आम्ही त्यांच्या पत्राचें उत्तर वेगळें पाठविलें आहे. त्यांनीं कळविलें आहे कीं, गोठ्यांत दुसरी गाय विणार आहे. त्यांनीं पुड्या आणून ठेवल्या असून चिकाचें माप दारावर खडूनें लिहून ठेवलें आहे. इतर सभासदांनींही पावसाळा लागण्यापूर्वी आपल्या गोठ्यांत इतकें करावें, अशी आमची त्यांस विनंति आहे.